मु. पो. माळवाडी, महाराष्ट्र

उमापूर
७ ऑगस्ट २०२५

चैताली,

जयभीम. तू फोन उचलत नाहीस, मेसेज बघतेस आणि तसाच ठेवतेस, म्हणून पत्र. आबासाहेब, तुम्ही तुमच्या सवयीप्रमाणे सुनेच्या आधी पाकीट फोडलं असेल तर तुम्हालाही जयभीम. आता हे तिच्याकडे द्या, पुढचं बहिणीबहिणींचं आहे.

त्या दिवशी मी फोनवर काय बोलले ते तुला पाठ असेल. मलाही आहे. ते परत लिहीत नाही. आज काम आहे म्हणून लिहायला बसले. त्या दिवशी मी नुसतीच ओरडले आणि नेमकं काय झालं ते सांगायचंच राहिलं. ते आता ऐक.

नीटमध्ये अमूला जे मार्क पडले, तेवढ्यावर आपल्या राज्यात, आपल्या कोट्यातून सरकारी कॉलेज मिळतं. तिच्या क्लासचे सर तसं म्हणाले आणि गेवराईचा लखनही म्हणाला. लखनचं सेवा केंद्र आहे, अख्ख्या तालुक्याच्या पोरांचे फॉर्म तोच भरतो. अमूचा प्रवेशाचा फॉर्मही त्यानंच भरला. त्यात एक प्रश्न होता, दहावी कोणत्या राज्यातून पास. लखननं मान वर न करता विचारलं आणि अमू म्हणाली, महाराष्ट्र. मी तिच्या शेजारीच बसले होते. मलाही काही खटकलं नाही.

का खटकावं? तुमच्या घरात दुसरा शब्द कधी ऐकलाय कुणी? शाळा मराठी, मास्तर मराठी, दुकानाच्या पाट्यांवर वरती कन्नड असलं तरी उधारी मराठीत. आबासाहेब सीमाप्रश्नासाठी तुरुंगात जाऊन आलेले. पत्त्यात राज्य लिहायचं असेल तिथं ते महाराष्ट्रच लिहितात, लग्नपत्रिकेपासून विजेच्या तक्रारीपर्यंत. माझी पोरगी आठवी, नववी, दहावी त्या घरात राहिली. एक नोव्हेंबरला, काळ्या दिनाला, त्यांच्याबरोबर काळी फीत लावून मूक फेरीत चालली. तिनं कर्नाटक कुठून म्हणावं?

मग मेसेज आला. तिच्या नावापुढे लिहिलं होतं, राज्याबाहेरील उमेदवार. अमूचे पप्पा हसायलाच लागले. म्हणाले, "आपून उमापूरचे. आपल्याला कोन्त्या राज्याच्या बाहेर काढून राह्यले हे?" त्यांना वाटलं कॉम्प्युटरची चूक असेल. मलाही तसंच वाटलं. आम्ही तिघं संभाजीनगरला प्रवेशाच्या ऑफिसात गेलो, जाताना नवीन कपडे घालून गेलो, चूक दुरुस्त करून येताना फोटो काढू म्हणून.

तिथले साहेब वाईट नव्हते. त्यांनी मार्कलिस्ट बघितली, स्क्रीन बघितली आणि अमूला विचारलं की बोर्ड कर्नाटकचं आहे, तू महाराष्ट्र कसं लिहिलंस. अमूनं सरळ सांगितलं, "सर, ते गाव महाराष्ट्राचंच हाय. आमच्या शाळेत सांगायचे."

मागं रांगेत उभे होते ते सगळे हसले. साहेब हसले नाहीत. ते म्हणाले, "बाळा, गाव कुणाचं ते मला नको सांगू. शिक्का कुणाचा हाय ते बघ."

नियम असा आहे. राज्याच्या कोट्यातून डॉक्टर व्हायचं तर दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली पाहिजे. बारावी आहे. दहावी नाही. आता कामाचं. मुख्याध्यापकांकडून लेटरहेडवर लिहून घे की शाळा मराठी माध्यमाची आहे आणि गाव सीमाभागातलं आहे. शिक्का गोल घे, चौकोनी नको, इथं चौकोनी शिक्क्याला कुणी विचारत नाही. स्पीड पोस्टानं पाठव.

अमू बरी आहे. जेवते वगैरे.

बबिता


उमापूर
२० ऑगस्ट २०२५

चैताली,

पाकीट मिळालं. शिक्का गोल होता. आत मुख्याध्यापकांचं पत्र होतं, आबासाहेबांची चिठ्ठी होती आणि तुझी एक ओळही नव्हती. मी पाकीट उलटं करून झटकून बघितलं. असू दे. तू अशीच आहेस लहानपणापासून, आईनं मारलं तर रडायची नाहीस, पण आठवडाभर तिच्या हातचं पाणी प्यायची नाहीस.

आबासाहेबांनी पाठीमागे पत्ता घातलाय, मु. पो. माळवाडी, महाराष्ट्र. आमचा पोस्टमन म्हणाला, "ताई, तुमच्या पाव्हन्यांचा पिनकोड एका राज्याचा आन् गाव दुसऱ्याचं. कावून असं?" मी म्हटलं, तेच तर विचारत फिरतोय आम्ही.

पत्र घेऊन मी परत गेले. या वेळी एकटीच. अंगणवाडीतून रजा मागितली तर पर्यवेक्षिका बाई म्हणाल्या, पोषण आहाराच्या तपासणीच्या तोंडावरच तुमची कामं निघतात. मी त्यांना काही बोलले नाही, म्हणजे बघ माझी काय हालत आहे.

साहेबांनी पत्र नीट वाचलं आणि म्हणाले की सीमाभागासाठी वेगळ्या जागा असतात. चैताली, माझ्या जिवात जीव आला गं. मी खुर्चीत पुढे सरकले. मग त्यांनी विचारलं, मुलीचा अधिवास कुठला? मी गेवराई तहसीलचा दाखला पुढे केला. त्यांनी तो वाचला, घडी घालून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, त्या जागा ज्यांचं घर तिकडं आहे त्यांच्यासाठी. बाकीच्या जागा ज्यांची शाळा इकडं झाली त्यांच्यासाठी.

"तुमचं घर हिकडं आन् शाळा तिकडं," ते म्हणाले. "दोन्हीत बसत न्हाई, बाई. मी काय करू?"

मी म्हटलं, साहेब, सरकारच म्हणतं ना ते गाव आपलं आहे? मग गाव आपलं आणि गावातल्या शाळेची दहावी परकी कशी? ते म्हणाले, प्रश्न बरोबर आहे, पण तो विचारायची खिडकी ही नाही. मी विचारलं, मग कुठली? त्यांनी मुख्याध्यापकांचं पत्र टेबलावरून माझ्याकडे सरकवलं. मागच्या बाईनं मला हळूच बाजूला व्हायला सांगितलं.

आणि पुढच्या वर्षीही हेच. हे मला परतीच्या बसमध्ये कळलं, गेवराईच्या अलीकडे. नापास झालं तर परत बसता येतं, मार्क कमी पडले तर रिपीट करता येतं. दहावी झाली ती झाली. ती कितीही शिकली तरी या राज्याच्या यादीत बाहेरचीच राहणार. उरते ती ऑल इंडियाची थोडीशी जागा, तिथं तिचे आत्ताचे मार्क पुरत नाहीत.

बसमध्येच मला एक सुचलं. अमूच्या पप्पांना सांगितलेलं नाही, अमूला तर नाहीच. तिचं घर तिकडं झालं तर? म्हणजे कागदावर. तू आणि पाहुण्यांनी तिला दत्तक घेतलं तर तुमचं घर तिचं घर होईल, शाळा तिथलीच आहे, मग सीमाभागाच्या जागेत ती बसेल. नुसतं कागदावर गं. राहील ती इथंच, आई मलाच म्हणेल. तुमची संमती, आधार कार्डाच्या झेरॉक्स आणि दोघांचे फोटो लागतील, लखन म्हणाला.

तुला वाटेल, परवा इतकं बोलली आणि आज हे मागते. वाटू दे.

बबिता


उमापूर
३ सप्टेंबर २०२५

चैताली,

इतक्या लवकर पाठवशील असं वाटलं नव्हतं.

पाकीट हातात घेतलं तेव्हाच कळलं की आत फोटो आहेत. मला वाटलं घरात पडलेले जुने असतील. तुम्ही दोघं निपाणीला स्टुडिओत जाऊन आलात. तू निळी साडी नेसलीस, केसात गजरा घातलास. कागदाला लावायच्या फोटोला कुणी गजरा घालतं का, येडे? पाहुण्यांनी मिशी कोरून घेतली आहे. आणि संमतीच्या कागदावर तू मुलीचं नाव लिहिलंस ते सगळं, आम्रपाली, आणि पुढे पाहुण्यांचं नाव, आणि आडनाव कांबळे. अक्षर इतकं सुबक काढलंस, शाळेत कधी काढलं नाहीस.

मी तो कागद घेऊन गेवराईला वकिलाकडे गेले. दोन मिनिटांत बाहेर आले. पंधराच्या वरच्या लेकराला दत्तक देता येत नाही. आणि दिलं असतं तरी, वकील म्हणाले, आजच्या तारखेपासून दिलं असतं, दहावीच्या आधीपासून नाही.

म्हणजे होत नाही. हे तुला सांगायला मला चार दिवस लागले. फोन करू म्हटलं, पण तू उचलला असतास तर काय बोलले असते?

मला खरं सांगू दे. मला वाटलं होतं तू नाही म्हणशील. रागात तरी नाही म्हणशील. म्हणजे मला म्हणता आलं असतं, बघा, सख्ख्या बहिणीनं हात वर केले. तो गजरा बघितला आणि मला तुझा राग आला, इतका की फोटो फाडावासा वाटला. माझी पोरगी कागदावर मागितली तर ही नटून बसली. मग थोड्या वेळानं माझाच राग आला. तुझ्या घरात पाळणा हलला नाही हे मला माहीत होतं ना? आणि मी कागदावर म्हणत कुणापुढे काय धरलं आणि आता काय काढून घेते आहे?

फोटो फाडला नाही. अमूनं तो बघितला. माझ्या पर्समधून पेन काढायला गेली आणि सापडला. म्हणाली, "मम्मी, मावशीनं फोटो कावून पाठवला?" मी म्हटलं, आठवण म्हणून. ती बराच वेळ बघत बसली. म्हणाली, मावशी बारीक झाली. तो फोटो आता तिच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात आहे, मी मागितला नाही.

तुझ्यामुळे झालं असं मी ओरडले होते. तुझ्यामुळे काय झालं ते मी इथं बसून रोज मांडून बघते. त्या मार्चमध्ये अमू सुट्टीला पंधरा दिवस तुझ्याकडे आली आणि कोरोनानं सगळं बंद झालं. अमूचे पप्पा कुणाची तरी मोटारसायकल घेऊन तिला आणायला कोगनोळीला हद्दीवरच्या नाक्यापर्यंत आले होते, आठवतं? अलीकडे हे, पलीकडे तू आणि ती, मधे दोरी आणि पोलीस. पास नाही म्हणून सोडेनात. तू डब्यात धपाटे करून आणले होतेस, ते पोलिसानं स्वतः इकडे आणून दिले. घरी आल्यावर हे मला म्हणाले, "डबा येऊ देतेत, लेकरू न्हाई." एसटीत कंडक्टर माणूस, आयुष्यभर लोकांना गाव विचारून तिकीट फाडलं, पण राज्याची हद्द पहिल्यांदा त्यांना तिथं दिसली.

आणि नाका उघडल्यावर? तेव्हा मी सर्व्हेच्या ड्युटीवर होते, घरोघरी जाऊन ताप मोजत होते. पोरगी घरी आणायला मला भीती वाटत होती. तुमच्या शाळेत गणिताला चांगले सर होते. अमूला तुझ्या घरी स्वतःची खोली होती. मीच म्हटलं, राहू दे, आठवी तिथंच होऊ दे. मग नववी. मग म्हटलं, आता दहावीला कशाला हलवायचं. यात एकही निर्णय चुकीचा नव्हता गं. मी उलटसुलट करून बघितलं. तेच दिवस परत आले तर मी तेच करीन.

मग राग कुणावर धरायचा ते सांग. तुझ्यावर धरला होता तेव्हा निदान हाताला काही तरी लागत होतं.

तुमचे कागद परत पाठवत नाही. माझ्याकडेच राहू दे.

बबिता


उमापूर
२६ सप्टेंबर २०२५

चैताली,

कागदांचं कळवल्यापासून तुझ्याकडून काहीच नाही. मी विचारत नाही. आबासाहेबांचा फोन आला होता एकदा. मी उचलला आणि आम्ही दोघंही पावसाबद्दल बोललो. पाऊस इथं बोलण्यासारखाच झालाय, सिंदफणेचं पाणी कुठल्या कुठं आलंय. आपल्या घरात नाही आलं, पण अंगणवाडीची एक भिंत भिजून तिचे पोपडे निघाले, वरचं फळांचं चित्र अर्धं गेलं. आता पेरू आहे आणि सीताफळ नाही.

यादी लागली. शिवकन्याचा नंबर सरकारी कॉलेजला लागला. शिवकन्या म्हणजे अमूची बारावीची मैत्रीण, वाडीवरची, तिचे वडील मेंढरं राखतात. अमूपेक्षा तिचे मार्क कमी आहेत. मी हे जळून लिहीत नाही. पोरीनं मेंढरांमागे पुस्तक नेऊन अभ्यास केलाय, तिला मिळालं ते तिच्या हक्काचं आहे. ती पेढे घेऊन आली तेव्हा तिलाच कसंतरी होत होतं. दारातच उभी राहिली. अमूनं तिला आत ओढलं, पेढा खाल्ला, दुसरा मागितला, हॉस्टेलला कोणती बादली न्यायची यावर दोघी तासभर बोलल्या. शिवकन्या गेल्यावर अमूनं दोघींचे कप विसळले आणि मला विचारलं, "मम्मी, मी लबाड बोलले का तवा?"

मी विचारलं, कधी?

"फॉर्म भरताना. महाराष्ट्र म्हणले तवा."

चैताली, मी अंगणवाडीत तीन वर्षांच्या लेकरांच्या कसल्या कसल्या प्रश्नांना उत्तरं देते. चंद्र दिवसा कुठं जातो, आज्जी मातीत का ठेवली, सगळ्याला माझ्याकडे काही ना काही असतं. या प्रश्नाला मी गॅस बंद करायला म्हणून आत गेले. गॅस बंदच होता.

लखननं तुमच्या राज्याचंही बघितलं. हो, तुमच्या राज्याचं, आबासाहेबांना वाचून दाखव. तिथं जास्त वर्षं शिकलेली लागतात, तिची तीनच. त्यांच्याकडूनही ती महाराष्ट्राची. इथं ती कर्नाटकची आणि तिथं महाराष्ट्राची. खाजगी कॉलेजात राज्याबाहेरच्यांना घेतात म्हणे, त्यांची फी मी इथं लिहीत नाही, पाकीट जड होऊन जास्तीचं तिकीट लागेल.

आबासाहेबांना अजून एक सांग. त्यांच्यावर माझा राग आहे. मी तो फोनवर बोलले नाही कारण म्हाताऱ्या माणसाला पावसाचंच बोलावं. पण त्यांनी आयुष्यभर ज्या वाक्यासाठी काठ्या खाल्ल्या, ते वाक्य माझ्या पोरीनं खरं मानलं. त्यांना त्यासाठी हार घातले लोकांनी, सत्कार केले, मुंबईहून पुढारी आले. तिला रांगेतले लोक हसले. वाक्य एकच होतं. एवढंच त्यांना सांग आणि त्यांच्या बीपीची गोळी झाल्यावर सांग.

नाहीतर नकोच सांगू. राहू दे.

घरात बाकी ठीक. अमूचे पप्पा आजकाल ड्युटीवरून आले की मोबाइलमध्ये नियम वाचत बसतात. चष्मा कपाळावर आणि मोबाइल नाकाला. काल म्हणाले की केंद्र सरकारच्या नोकरांच्या पोरांना बदलीमुळे सूट आहे, सैनिकांच्या पोरांना आहे. मग म्हणाले, "मावशीकडं राह्यलेल्याला कशी आसंल." आणि मोबाइल पालथा ठेवला.

तू जेवतेस ना नीट? अमू म्हणते बारीक झालीस.

बबिता


उमापूर
२९ ऑक्टोबर २०२५

चैते,

अमूनं ठरवलंय की ती परत नीट देणार, ऑल इंडियाच्या जागेसाठी. म्हणजे शिवकन्याला जेवढे पुरले त्याच्या कितीतरी वर जायचं. क्लासचे सर म्हणाले, अवघड आहे पण अशक्य नाही. सर लोक हे वाक्य सगळ्यांनाच म्हणतात. ती पहाटे उठते, पुस्तक उघडते, आणि मी चहा द्यायला जाते तेव्हा पान तेच असतं. मी कप ठेवते आणि येते. अभ्यास कर म्हणू? केला तिनं. देवावर सोड म्हणू, तर आपल्यात तेही नाही.

घरात बसून पोर सुकत चालली म्हणून तिला दिवाळीनंतर अंगणवाडीत घेऊन गेले. ती पोपडे गेलेली भिंत दुरुस्त झाली आहे. पर्यवेक्षिका बाई म्हणाल्या, बोलक्या भिंतींचं अनुदान आलंय, फळं नकोत आता, महाराष्ट्राचा नकाशा काढा, जिल्ह्यांना रंग द्या. पेंटर बीडहून येणार होता, तो आलाच नाही. अमू म्हणाली, मी काढते.

तिचा हात चांगला आहे, तुला माहीत आहे. हृदयाची आकृती ती पुस्तकापेक्षा चांगली काढते. तिनं भिंतीवर चौकटी आखल्या, खडूनं बाहेरची रेघ घेतली, मग ब्रशनं काळी करत निघाली. गडचिरोलीकडून सुरुवात केली, वरून नागपूर, धुळं, नंदुरबार, मग समुद्र धरून खाली. लेकरं मागं बसून बघत होती, शेजारच्या कडूबाईची नात तर खिचडी खायची विसरली. अमू मधेमधे त्यांना सांगत होती, हे आपलं बीड, इथं आपलं उमापूर, इथं तुमची मम्मी भाकरी करते. चैताली, किती दिवसांनी मी तिचा तो आवाज ऐकला. मी रजिस्टर पुढे धरून बसले, त्यात काय लिहिलं ते मला विचारू नकोस.

सिंधुदुर्गापर्यंत आली, वळली, कोल्हापूरपर्यंत आली आणि थांबली.

मला वाटलं रंग संपला. मी डबा घेऊन गेले. तिनं माझ्याकडे बघितलं नाही, भिंतीकडेच बघत होती. ब्रश कागलच्या खाली टेकलेला होता.

"मम्मी, मावशीचं गाव आत घेऊ का भाईर?"

ती चिडून बोलली नाही की टोमणा मारला नाही. तिला खरंच माहीत नव्हतं, म्हणून तिनं विचारलं, जसं लेकरू विचारतं. आत घे म्हणाले असते तर तेच झालं असतं जे तिनं फॉर्मवर केलं. बाहेर म्हणाले असते तर तुझ्या घरातली ती तीन वर्षं, आबासाहेबांच्या मागं सायकलवर बसून शाळेत जाणं, तू वेणी घालताना तिला पाढे म्हणायला लावायचीस ते, सगळं मीच माझ्या तोंडानं दोरीच्या पलीकडे टाकलं असतं. पोरीनं आयुष्यात मला इतका सोपा प्रश्न विचारला नव्हता. मी म्हणाले, राहू दे, उद्या बघू.

ती बरं म्हणाली. तेवढी जागा सोडून पुढे सोलापूरपासून परत रेघ सुरू केली आणि गडचिरोलीला नेऊन मिळवली. आता भिंतीवर अख्खा महाराष्ट्र आहे आणि तुमच्या बाजूला हाताएवढी फट आहे. कडूबाईच्या नातीनं काल त्यात बोट घालून विचारलं की हे दार आहे का. अमू हो म्हणाली.

पर्यवेक्षिका बाई आल्या होत्या. त्या म्हणाल्या, नकाशा अर्धवट आहे, एक तारखेच्या आत पूर्ण करा, वर फोटो पाठवायचाय. एक तारीख म्हणजे तीन दिवसांवरच की. तिकडे आबासाहेब काळी फीत काढून ठेवत असतील. तिकडे त्यांनी फीत लावायची आणि इकडे मी रेघ पूर्ण करायची, एकाच दिवशी. मी बाईंना सांगितलं, रंग वाळायचाय. रंग केव्हाच वाळला.

हे पत्र वेळेत पोचणार नाही हे मला कळतं. पण मला कुणाला तरी विचारायचं होतं आणि अमूच्या प्रश्नाचं उत्तर ठाऊक असेल असं माणूस तूच राहिलीस. आबासाहेबांचं उत्तर मला माहीत आहे, त्या साहेबांचंही माहीत आहे. दोघांपैकी कुणाचंही मला तिच्या हातानं भिंतीवर काढवत नाही.

तू ये. फोटोला घातलास तसा गजरा घालून ये, मी काही बोलणार नाही. कागलला उतरलीस की हे घ्यायला येतील. आता दोरी नाही तिथं.

पाकिटावर या वेळी राज्य लिहिलेलं नाही. नुसतं गाव आणि पिनकोड लिहिलाय. पोस्टमन म्हणाला, तेवढ्यावर पोचतं.

तुझी
ताई